लष्करी अळीचें कूळ व त्याची पारख

मक्याच्या शेतांत लष्करी अळी हें नांव आतां लहान मुलांच्याहि तोंडीं बसलें आहे. परंतु ज्या किड्यास हें नांव लावावयाचें तो एकच नसून निदान तीन आहेत, आणि त्यांतील एकाचींहि पुन्हां दोन घराणीं आहेत. नांव एक व धनी अनेक असले म्हणजे जमिनीच्या दप्तरांत काय घोटाळा होतो तो आम्हीं महसूल खात्याच्या नोकरींत बरींच वर्षें पाहिला आहे. तोच प्रकार शेतांतील किड्यांचा होतो. फरक इतकाच कीं, दप्तरांतील चूक अपिलांत दुरुस्त होते, पण चुकीच्या औषधावर गेलेला पैसा व गेलेला हंगाम परत येत नाहीं.

२०१९ सालच्या खरिपांत आमच्या दीड एकर मक्याचीं पानें प्रथम पापुद्रा काढल्याप्रमाणें पांढुरकीं झालीं व पुढें पोंग्यांत भुसा पडल्यासारखी घाण दिसूं लागली. औषधाच्या दुकानांत पान नेऊन दाखविलें. दुकानदार म्हणाले, "भाऊसाहेब, हा खोडकिडा. दाणेदार औषध टाका, चिंता नको." आम्हीं त्याप्रमाणें केलें. औषध टाकून आठवडा झाला तरी भुसा थांबेना. पुढें आमच्या भावकींतील एक शेतकी पदवीधर मुलगा गांवीं आला असतां त्यानें पोंगा उकलून अळी तळहातावर घेतली आणि म्हणाला, "काका, हिच्या शेपटाकडचे चार ठिपके पाहा. चौकोनांत मांडल्यासारखे आहेत. ही अमेरिकेंतून आलेली अळी आहे, खोडकिडा नव्हे." तोंवर जवळ जवळ निम्मीं ताटें वाळलेलीं होतीं.

त्याच सुमारास मावळांतील आमच्या व्याह्यांचा फोन आला. त्यांचें सर्व उत्पन्न भाताचें. ही नवी अळी तपासणींत "भाताच्या" वंशाची निघाल्याचें त्यांनीं कोठेंतरी वाचलें होतें. "व्याहीबुवा, मक्याचें एवढें केलें, आतां आमच्या भाताचें काय? आधींच फवारून ठेवूं काय?" असा त्यांचा प्रश्न होता. आम्हांस त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. पुढें माहिती मिळविली, ती आमच्या वाचकांच्याहि उपयोगाची वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रथम डोळ्यांनीं दिसणारी ओळख सांगतों. या नव्या अळीचें शास्त्रीय नांव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. तिचें मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण भागांत. २०१६ साली ती आफ्रिकेंत आढळली, व २०१८ च्या मे महिन्यांत कर्नाटकांत शिवमोग्याकडे मक्यावर दिसली. त्याच वर्षीं ती आपल्या सोलापूर-सांगलीकडील मका व ऊस यांवरहि आली. वाढलेल्या अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय हें अक्षर उलटें काढल्यासारखी फिकी रेघ असते आणि शेपटाकडील शेवटून दुसऱ्या वळ्यावर चार काळे ठिपके चौकोनांत असतात. यांपैकीं ठिपक्यांची खूण अधिक भरंवशाची. डोक्यावरील रेघ इतर अळ्यांतहि अंधुक दिसूं शकते. आपल्याकडील जुनी लष्करी अळी, म्हणजे मिथिम्ना, हिला असे चार ठिपके नसतात. भाताच्या रोपवाटिकेवर झुंडीनें येणारी स्पोडोप्टेरा मॉरिशिया ही आणखी तिसरी. परंतु अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या, केसाएवढ्या अळ्यांवर यांपैकीं एकहि खूण धड उमटलेली नसते. आणि उपाय लागू पडण्याची वेळ तर नेमकी तीच असते.

आतां घराण्याची गोष्ट. अमेरिकेंत डोरोथी पॅशली या विदुषींनीं १९८६ साली असें दाखविलें कीं, ही एकच दिसणारी अळी वस्तुतः दोन शाखांची आहे. एक शाखा मका, ज्वारी, कापूस यांवर अधिक सांपडते. दुसरी भात व गवतें यांवर. गवतांपैकीं तिचें आवडतें एक म्हणजे आपली हरळी. पहिलीस मक्याची शाखा व दुसरीस भाताची शाखा असें नांव पडलें. वतनदार घराण्यांत थोरली पाती, धाकटी पाती असते तसाच हा प्रकार समजावा. दोहोंच्या अळ्या शेजारीं शेजारीं ठेविल्या तरी तज्ज्ञासहि फरक सांगतां येत नाहीं. मक्याच्या शाखेचे पतंग रात्रीं लवकर जुगतात व भाताच्या शाखेचे उशिरां, असा संवयीचा भेद आढळला आहे. पण शेतकऱ्यानें रात्रभर कंदील घेऊन तें पाहत बसावें असें कोणी म्हणणार नाहीं.

मग शाखा ओळखावयाची कशी? येथें डी.एन.ए.च्या खुणांचा उपयोग होतो. प्रत्येक जिवाच्या पेशींत डी.एन.ए. नांवाच्या द्रव्याचा एक अतिशय लांब धागा असतो, व त्यावर त्या जिवाची सर्व घडण लिहिलेली असते. या लेखाची लिपि चार अक्षरांची: ए, टी, जी व सी. बाप-आजोबांपासून ही नक्कल पिढ्यान्‌पिढ्या उतरत येते. जुन्या दप्तरांत नकलनवीसाची एखादी चूक पुढील प्रत्येक प्रतींत तशीच उतरते, आणि तीवरूनच कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून घेतली तें ओळखूं येतें; डी.एन.ए.ची खूण ती हीच. एका शाखेंत ठराविक जागीं एक अक्षर, दुसऱ्या शाखेंत त्याच जागीं दुसरें.

किड्यांची जात ओळखण्यास बहुधा सी.ओ.आय. या जनुकाचा एक तुकडा वापरतात. कॅनडांतील पॉल हेबर्ट व त्यांचे सहकारी यांनीं २००३ साली सुमारें ६५० अक्षरांचा हा तुकडा सर्व प्राण्यांच्या ओळखीस वापरावा अशी सूचना केली, व ती जगभर रूढ झाली. अळीचा एक पाय यास पुरे. त्यांतून डी.एन.ए. काढून पी.सी.आर. नांवाच्या क्रियेनें हव्या त्या तुकड्याच्या नकला करितात. ही क्रिया कॅरी मुलिस यांनीं १९८३ साली शोधिली, व तीबद्दल त्यांस १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळालें. यंत्रांत पाणी आळीपाळीनें तापवून निववितात. दर फेरीस नकला दुप्पट होतात. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर होतात, हें हिशेबाची आवड असलेल्या वाचकांनीं स्वतः करून पाहावें.

या अळीच्या दोन शाखा वेगळ्या काढण्याची एक युक्ति तर फारच सोपी आहे. सी.ओ.आय. मधील ५६९ अक्षरांचा एक तुकडा घेतात व त्यांत एम.एस.पी. एक नांवाचें पाचक द्रव्य घालतात. हें द्रव्य सी-सी-जी-जी अशीं चार अक्षरें ओळीनें आलीं कीं तेथेंच धागा तोडतें, इतरत्र हात लावीत नाहीं. मक्याच्या शाखेंत हीं अक्षरें त्या तुकड्यांत आहेत, म्हणून त्याचे ४९७ व ७२ अक्षरांचे दोन भाग होतात. भाताच्या शाखेंत एक अक्षर बदललेलें असल्यामुळें तुकडा अखंड राहतो. मग विजेच्या प्रवाहानें हे तुकडे एका खळीसारख्या थरांतून सरकवितात. लहान तुकडा पुढें पळतो, मोठा मागें राहतो, व निकाल रेघांच्या रूपानें डोळ्यांसमोर येतो.

कर्नाटकांतील नमुन्यांची २०१८ साली अशी तपासणी झाली तेव्हां ते भाताच्या शाखेचे निघाले. आमच्या व्याह्यांनीं वाचलें तें हेंच, व तें खोटें नव्हतें. परंतु या भाताच्या शाखेच्या म्हटलेल्या अळ्या मिळाल्या होत्या मक्यावर! नांव भाताचें आणि खाणें मक्याचें, हें कसें?

याचा उलगडा समजण्यास सी.ओ.आय. कोणाकडून येतो तें पाहिलें पाहिजे. हें जनुक पेशीच्या मुख्य केंद्रांत नसून तंतुकणिका नांवाच्या बारीक अवयवांत असतें, आणि तें केवळ आईकडून अपत्यास मिळतें. म्हणजे ही खूण आईची, आईच्या आईची, तिच्याहि आईची; बापाचा तींत अंशहि नाहीं. एखाद्या माणसाचें घराणें ठरवितांना आपण फक्त आईचें माहेर, आजीचें माहेर असें विचारीत गेलों, तर मिळणारें उत्तर खरें असेल पण अपुरें असेल. ज्याची आजी कोंकणांतील, तो स्वतः जन्मभर देशावर राहून भाकरी खाणारा असूं शकतो. सी.ओ.आय. हा असा आजोळचा दाखला आहे.

म्हणून शास्त्रज्ञांनीं दुसरा कागद मागविला. टी.पी.आय. नांवाचें एक जनुक झेड या गुणसूत्रावर असतें. पतंगांमध्यें नराला दोन झेड असतात, मादीला एकच. व मादीचें तें एकुलतें एक झेड बापाकडून आलेलें असतें. (माणसांत याच्या उलट असतें, तेव्हां वाचकांनीं गोंधळूं नये.) या जनुकांतील एका ठराविक जागीं मक्याच्या शाखेंत सी अक्षर असतें व भाताच्या शाखेंत टी. अर्थात् एकाच मादीच्या अंगांत आजोळचा दाखला व बापाचा दाखला असे दोन स्वतंत्र कागद मिळतात.

दक्षिण आफ्रिका व भारत येथील नमुन्यांची दोन्हीं खुणांनीं केलेली तपासणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तींत असें दिसलें कीं, सी.ओ.आय. पुष्कळ ठिकाणीं भाताच्या शाखेचें, पण टी.पी.आय. बहुतेक सर्वत्र मक्याच्या शाखेचें. म्हणजे कोणे एके काळीं दोन्हीं शाखांचा संकर झाला असून, आपल्याकडे आलेल्या अळींत भाताच्या शाखेच्या आजीची खूण राहिली आहे, मात्र पेशीच्या केंद्रांतील खूण मक्याच्या शाखेची आहे. भारतांत तिनें मक्याचें जें नुकसान केलें तसें भाताचें केलें नाहीं, याच्याशीं हा दुसरा कागद जुळतो. पहिल्याच कागदावर निकाल देऊन "भाताची अळी आली" असें म्हणणें म्हणजे फेरफार न पाहतां जुन्या सातबाऱ्यावर खरेदीखत करण्यासारखें होय.

त्याच तपासणींत दोन्हीं देशांतील अळ्या एकमेकींशीं फार जुळत्या निघाल्या, यावरून ती एकाच मूळ ठिकाणाहून अलीकडे पसरली असावी असें अनुमान निघालें. परंतु पुढें २०२२ साली थोड्या खुणा न पाहतां सबंध डी.एन.ए. वाचून केलेलें संशोधन प्रसिद्ध झालें, व त्यावरून तिचें जुन्या जगांतील येणें एकाच लाटेचें नसून अनेक वेळां व अनेक वाटांनीं झालें असावें असें दिसतें. आमच्या मतें हा शास्त्राचा कमीपणा नव्हे. मोजणीची सांखळी जितकी बारीक तितकी हद्द नेमकी, आणि पहिला नकाशा दुसऱ्यानें दुरुस्त झाला म्हणून पहिल्या मोजणीदारास कोणी लबाड म्हणत नाहीं.

आपल्या तूर-हरभऱ्यावरील घाटे अळीची हकीकतहि याच जातीची आहे. अमेरिका खंडांत हिची एक चुलत बहीण आहे. दोघींचे पतंग इतके सारखे कीं, पोटाचे भाग सूक्ष्मदर्शकाखालीं उकलून पाहावे लागतात. ब्राझील देशांत पूर्वीं चुलत बहीणच होती. २०१३ साली आपली घाटे अळी तेथें पोंचल्याचें उघडकीस आलें, व त्या ओळखीस डी.एन.ए.च्या खुणांनीं पुष्टि मिळाली. तोंवर सोयाबीन व कपाशी यांवर तिनें पाय रोवले होते. ज्या औषधांस चुलत बहीण बळी पडते त्यांपैकीं कित्येकांस ही दाद देत नाहीं, म्हणून ओळखीस झालेला उशीर तेथील शेतकऱ्यांस महागांत पडला.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. शाखेची खूण वेगळी व औषध पचविण्याची खूण वेगळी. अळी कोणत्या घराण्याची हें कळलें म्हणजे ती कोणत्या विषानें मरेल हेंहि कळलें, असें नाहीं. कपाशीवरील शेंदरी बोंडअळीचें उदाहरण घ्या. बी.टी. कपाशींतील विष पचविणाऱ्या शेंदरी अळ्या गुजरातेंत आढळल्याचें २०१० साली जाहीर झालें. अमेरिकेंत यापूर्वींच अशा प्रतिकारी अळ्यांच्या कॅडहेरिन नांवाच्या जनुकांत तीन निरनिराळे बिघाड सांपडले होते, व ते ओळखण्याच्या चाचण्याहि तयार होत्या. त्याच चाचण्या येथें लावल्या कीं काम झालें, असें कोणासहि वाटलें असतें. पण भारतांतील शेतांतून आणलेल्या प्रतिकारी अळ्यांत त्याच जनुकाचे बिघाड निघाले ते वेगळे व अनेक प्रकारचे, असें २०१४ साली प्रसिद्ध झालें. तेव्हां परदेशीं बनविलेली एकच खूण येथें लावून "प्रतिकार नाहीं" असा दाखला कोणी दिल्यास तो फुकट जावयाचा.

हें काम शेतकऱ्यानें घरीं करावयाचें नव्हे. परंतु नमुना आपणच देणार, आणि नमुना बिघडला तर पुढील सर्व यंत्रें व्यर्थ होत. म्हणून तो कसा ठेवावा तें सविस्तर लिहितों. झाडावरील अळ्या, शक्य तर लहान-मोठ्या दोन्हीं, चिमट्यानें उचलून कांचेच्या वा जाड प्लॅस्टिकच्या बाटलींत घालाव्या व त्या पूर्ण बुडतील इतका ९५ टक्क्यांचा मद्यार्क ओतावा. अळीच्या अंगांत पाणी फार असतें, त्यामुळें दुसऱ्या दिवशीं तो काढून नवा घालावा. फॉर्मॅलीन कदापि वापरूं नये. त्यांत अळी दिसावयास चांगली राहते, पण तिचा डी.एन.ए. बिघडतो. मद्यार्क न मिळाल्यास बाटली बर्फाच्या कप्प्यांत गोठवून ठेवावी. एका पिकाची एक बाटली. मका व ऊस यांवरील अळ्या एकत्र करूं नयेत. चिठ्ठीवर तारीख, गांव, पीक, पिकाचें वय व मारलेलें औषध लिहावें, आणि तें शिसपेन्सिलीनें लिहावें. आम्हीं प्रथम नोकरीच्या संवयीनें शाईनें लिहून चिठ्ठी बाटलींत टाकली, ती मद्यार्कांत धुऊन कोरी झाली! बाटली जवळच्या कृषि विज्ञान केंद्राकडे अथवा कृषि विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे द्यावी. अवघड प्रसंगीं तेथून ती बंगळूरच्या राष्ट्रीय कृषि कीटक संसाधन ब्यूरोकडे जाऊं शकते. उत्तर येण्यास दिवस लागतात, म्हणून मक्यावर चार ठिपके दिसले असतां उत्तराची वाट पाहत बसूं नये. अंडीपुंज चुरडणें, कामगंध सापळे लावणें, आणि विद्यापीठाच्या शिफारशींतील औषध लहान अळ्या असतांनाच पोंग्यांत पडेल असें फवारणें, हें लागलीच करावें.

आतां व्याह्यांच्या भाताविषयीं. वरील माहिती मिळाल्यावर आम्हीं त्यांस कळविलें कीं, मक्यावरील अळीच्या भयानें भात फवारूं नये, तो खर्च वायां जाईल. त्यांनीं ऐकलें. पुढें ऑक्टोबरांत भात पक्वतेस आला असतां एके सकाळीं त्यांचा फोन: रात्रींत लोंब्या कातरून खालीं पडल्या आहेत, "तुमच्या भरंवशावर राहिलों." आम्हांस अन्न गोड लागेना. दुसऱ्याच दिवशीं एस. टी. नें जाऊन पाहिलें. धुऱ्याकडील पांच-सहा गुंठ्यांत लोंब्यांचा सडा पडला होता व दिवसां अळ्या चुडांच्या बुंध्याशीं आणि भेगांत दडून बसल्या होत्या. शेपटाकडे चार ठिपके शोधले, ते नव्हते. तरीहि आपल्या डोळ्यांचा भरंवसा न धरितां, बाटली भरून, पेन्सिलीची चिठ्ठी घालून, विद्यापीठाकडे दिली.

तेथील तरुण अधिकाऱ्यांनीं मोठी अळी पाहतांच सांगितलें कीं, ही आपली जुनी लष्करी अळी मिथिम्ना, इला डी.एन.ए. कशाला हवा? लहान अळ्या मात्र त्यांनीं तपासणीस ठेवून घेतल्या, व त्याहि मिथिम्नाच असल्याचें पत्र पुढें आलें. तोंवर भात मळून झाला होता. व्याह्यांनीं तें पत्र वाचून घडी घातली आणि म्हणाले, "म्हणजे मक्याच्या अळीविषयीं तुमचें बरोबर होतें, पण आमची घरचीच अळी आम्ही विसरलों." येत्या खरिपांत लोंब्या निसवल्यापासून रोज संध्याकाळीं बुंधे चाळून पाहावयाचे, असें त्यांनीं त्या वेळीं ठरविलें, व एक रिकामी बाटली आमच्याकडून मागून नेली.